पांढरं राहिलेलं वाक्य

“हे बघा हाकाला, प्रश्न सोपा आहे. हे तुम्ही लिहिलंय की नाही?”

विभागप्रमुख क्रोल यांनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक रायनो हाकालाने वर्गात दिलेला निबंध. दुसरं गावच्या साप्ताहिकातलं अकरा महिन्यांपूर्वीचं कात्रण, त्याची बायको आयली हिच्यावरच्या मृत्युलेखाचं. जी ओळ कात्रणाशी जुळली तिला संगणकाने तांबडा रंग दिला होता. निबंधाचं पहिलं पान वरपासून खालपर्यंत तांबडं होतं.

रायनो अठ्ठावन्न वर्षांचा. सुपिरियर सरोवराच्या काठच्या त्या गावाला एकतीस वर्षं पाणी पुरवत आलेला. पाणीपुरवठा केंद्राचा मुख्य चालक व्हायचं तर कॉलेजची पदविका हवी होती. रसायन सुटलं, गणित सुटलं. राहिला होता एकच विषय, इंग्रजी संवाद आणि साहित्य. त्यात तो दोनदा नापास झाला होता. तीनदाच बसू देतात.

त्याच्या हाताखाली काम शिकलेली डार्सी पहिल्याच फटक्यात पास झाली. आता हा नापास झाला की ती जागा तिची.

“घाई नाही,” शिकवणाऱ्या प्रुइट बाई म्हणाल्या. त्या त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या. “आधी छापलेलं स्वतःचंच पुन्हा दिलं असेल, तर तीही चूकच. पण लहान. तुम्ही नवीन निबंध लिहाल, मी तपासेन. दुसऱ्या कोणाचं असेल तर मात्र…”

“तर नापास,” क्रोल म्हणाले. “कायमचा. आणि नोंद राहते.”

कात्रणाच्या खाली छापलेलं होतं: ‘पती, रायनो हाकाला.’ बाईंनी त्यावर हळूच बोट ठेवलं. नुसतं हो म्हणायचं होतं.

निबंधाचा विषय होता, तुमच्या ओळखीचं एक माणूस. तीन रविवार तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. एक वाक्य झालं. मग त्याने खणातून कात्रण काढलं आणि त्या वाक्याच्या आधी सगळं उतरवून काढलं, अगदी स्वल्पविरामासकट. घरातलंच तर होतं. आपण कोणाचं काही घेतोय असं त्याच्या मनातही आलं नाही.

गेल्या आठवड्यात बाईंनी ते तांबडं पान भर वर्गात पडद्यावर दाखवलं होतं. नाव झाकून. “नक्कल कशी पकडतात ते बघा.” पोरं हसली. पण आयलीचं नाव झाकायचं राहून गेलं होतं. हसणं थांबलं तेव्हा सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता.

“खरं सांगू का,” क्रोल खुर्चीत मागे रेलले, “कात्रण सुरेख आहे. पण तुमचे आधीचे निबंध मी चाळले. हाच तो हात, असं कोणी म्हणणार नाही. दुःखाने माणूस लेखक होतो म्हणतात. तुम्ही नेमके एका दिवसापुरतेच झालात!”

“सर,” बाई म्हणाल्या.

“मी नुसतं विचारतोय.”

रायनोने टोपी मांडीवर ठेवली होती. तो तिची कड चाचपत राहिला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी झाली, तेव्हा माणसं रांगेने येऊन त्याचा हात धरत होती. “काय लिहिलंयस रे! आम्हाला वाटायचं तू फक्त पंपांशी बोलतोस.” कोणी ते कात्रण फ्रिजवर लावलं होतं. तो नुसती मान हलवत राहिला.

लिहिलं होतं आयलीने. शेवटच्या पंधरवड्यात, हॉस्पिटलच्या खाटेवर, हाताला नळी तशीच. “तुझ्यावर सोडलं ना, तर तू दोनच ओळी देशील,” ती म्हणाली होती. “‘आयली गेली. पाणी चालू आहे.’” हसता हसता तिला खोकला आला. मग तिने सगळं वाचून दाखवलं, दोन ठिकाणी खोडलं, पुन्हा वाचलं. “खाली तुझं नाव घाल. बाईने स्वतःचंच लिहिलं म्हणून गाव हसेल.”

“हाकाला?” क्रोल यांनी विचारलं.

“तिने लिहिलं,” रायनो म्हणाला.

“कोणी?”

“आयलीने. बायकोने. मी फक्त नेऊन दिलं.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. “तुम्हाला मी काय सांगितलं ते कळलं ना?”

“कळलं, बाई.”

क्रोल यांनी छापील अर्ज ओढला. “मूळ लेखकाचं नाव?”

“आयली हाकाला.”

“मजकूर वापरायला त्यांची लेखी परवानगी?”

रायनोने वाकून अर्ज बघितला. ते गंमत करत नव्हते. तसा रकाना खरंच होता.

“नाही,” तो म्हणाला.

क्रोल यांनी ‘नाही’वर खूण केली आणि सही करायला कागद फिरवला. सही झाल्यावर बाईंनी निबंध त्याच्या हातात दिला. दुसऱ्या पानावर एकच वाक्य होतं, आणि ते पांढरं राहिलं होतं. “पहाटेची पाळी असली की मी दारासमोरच्या वाटेवरचा बर्फ रस्त्याकडच्या टोकापासून काढायला लागायचो, कारण दाराशी फावडं वाजलं की तिची झोप मोडायची.” त्या वाक्यापुढे बाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं: अनावश्यक तपशील, काढून टाका.

बाहेर डार्सी गाडीवरचा बर्फ झाडत होती. “काय हो साहित्यिक! लागला का निकाल?”

“लागला. सोमवारपासून कुठला पंप लावायचा ते तू सांग.”

तिचा ब्रश थांबला. “रायनो, मी आपलं गमतीने…”

“तीन नंबर गळतोय. आधी तो बघ,” तो म्हणाला आणि आपल्या गाडीत बसला.

घरी पोचला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सकाळपासून पडून पडून बर्फ गुडघ्याएवढा झाला होता. गाडी त्याने रस्त्यातच उभी केली. फावडं दाराला टेकवलेलं होतं. बर्फ तुडवत तो दारापर्यंत गेला, आवाज न करता फावडं उचललं, आणि स्वतःच्याच पावलांवर पावलं ठेवत परत रस्त्याकडच्या टोकाला आला. तिथून त्याने काढायला सुरुवात केली.