आण्णांचं 'बरोबर'

सलग तिसऱ्या दिवशी माझ्या डिबगरने, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधणाऱ्या प्रोग्रामने, निरपराध फंक्शनवर आळ घेतला आणि माझं डोकंच फिरलं.

माझ्या पीएचडीचा दावा साधा आहे. फंक्शनल भाषेतला प्रोग्राम म्हणजे नुसती फंक्शन्स. प्रत्येक फंक्शन माहिती घेतं, उत्तर देतं, इतर कशालाही हात लावत नाही. त्यामुळे एकेक उत्तर समोर धरून 'हे बरोबर का?' एवढंच विचारत गेलं तरी चूक सापडते. समोरच्याला कोड वाचता आला नाही तरी चालेल, काम माहीत हवं. शुक्रवारी हे गाईडना दाखवता आलं नाही तर माझी तीन वर्षं पाण्यात.

काम माहीत असलेला माणूस घरातच होता. आण्णा, माझे वडील, कॅम्प पाच या वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात तीस वर्षं कटिंग मास्तर. म्हणून मी जीन्सला कापड किती लागेल ते सांगणारा प्रोग्राम लिहिला. धुतल्यावर कापड आटतं, त्यासाठी धरायची वाढ मी एका फंक्शनमधून मुद्दाम काढून टाकली. ही पेरलेली चूक डिबगरने आण्णांना विचारत विचारत शोधायची होती.

त्याने विचारलं, जीन्स धुऊन बेचाळीस इंच लांब हवी, तर बेचाळीस कापायची, बरोबर? आण्णांनी चष्मा सावरून 'बरोबर' दाबलं. तिन्ही दिवस. सगळ्या उत्तरांना त्यांचा होकार, तरी एकूण कापड कमी पडतंय हे मी आधीच सांगून ठेवलेलं, म्हणून डिबगरने शेवटची बेरीज करणाऱ्या बिचाऱ्या फंक्शनला धरलं.

मांजर्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत ओरडलं की सगळ्या मजल्याला ऐकू जातं. तरी मी ओरडले.

"आण्णा, बेचाळीस बरोबर कसं? वॉशिंगला आटणार नाही का?"

"आटणारच. मी दोन इंच वाढवूनच कापतो ना," ते शांतपणे म्हणाले. "शेठने दिलेल्या मापांच्या चिठ्ठीवर वाढ कधीच नसते. चिठ्ठी चुकीची म्हणून परत केली असती तर पहिल्याच दिवशी घरी बसलो असतो."

राग कोणावर काढावा तेच कळेना. ज्याला काम येतं तो चूक दाखवत नाही, गुपचूप भरून काढतो, आणि हे तीन वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी चरफडत प्रश्नच बदलला: धुऊन बेचाळीस हवी, तर तुम्ही किती कापाल?

आण्णांनी चव्वेचाळीस टाकलं. डिबगरने लगेच नेमकं फंक्शन पकडलं.

आता शुक्रवारच्या आत प्रबंधाचं अख्खं प्रकरण नव्याने लिहायचं होतं. मी कपाळाला हात लावून बसले. आण्णा मात्र स्क्रीनवरचा तो प्रश्न पुन्हा वाचत होते.

"तीस वर्षांत," ते म्हणाले, "हे मला कोणी विचारलं नव्हतं."