दुसऱ्या बाजूचा खोकला

खोकला ऐकला आणि ग्लेनिसच्या हातातला चहा मांडीवर सांडला. चटका बसल्याचं तिला नंतर कळलं. तिने रेकॉर्डवरची सुई उचलून जराशी मागे ठेवली, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. पुन्हा तेच. आधी शांतता, मग घशात अडकलेला एक आखूड खोकला, काठीवर काठीचे ठोके, आणि मग ड्रम असा कोसळला की छातीत हादरा बसावा. तिने ती दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकली.

लेन. दुसरं कोण असणार?

तिच्या नवऱ्याला मातीत ठेवून वर्ष होत आलं होतं. तो ज्यात ड्रम वाजवायचा, त्या 'सूटहाउंड' बँडची गाडी धुक्यात ट्रकवर आदळली. बाकीचे वाचले, लेन गेला. उमेदीची वर्षं ओतशाळेच्या धुळीत काढलेला माणूस, काहीही सुरू करण्याआधी खोकायचाच. लग्नात पाद्र्यापुढे 'हो' म्हणण्याआधीही खोकला होता, आणि अख्खं चर्च हसलं होतं.

पण तो या रेकॉर्डवर कसा? दफनानंतर बँडचा गायक क्लाइव्ह घरी आला होता, मान खाली घालून. "राग मानू नकोस, ग्लेन. लेनचं वाजवणं कच्चं होतं गं. सगळं नव्या पोराकडून पुन्हा वाजवून घेतलंय." तिने ते मुकाट गिळलं होतं. गेलेल्या माणसाची अब्रू कुणापुढे काढायची?

'सूटहाउंड'च्या आधीच्या रेकॉर्डना कुत्रंही विचारत नव्हतं. ही आली आणि बर्मिंगहॅमपासून लंडनपर्यंत दुकानं रिकामी झाली. ग्लेनिस जिथे कामाला होती, त्या रेकॉर्डच्या कारखान्यात रात्रंदिवस हीच तबकडी निघत होती. ग्लेनिसने मात्र ती आजवर ऐकली नव्हती. तपासणीच्या खोलीत ती मुद्दाम बँडबाजाच्या नाहीतर लहान मुलांच्या गाण्यांच्या रेकॉर्डी मागून घ्यायची. आज ही तपासणारी डॉट आजारी पडली, म्हणून ही तिच्या पुढ्यात आली.

"काय गं, तोंड का पांढरं पडलंय?" मुकादम पर्क्सबाई दारात उभ्या होत्या. "खरखर आहे का? यंत्र थांबवू?"

नियम साधा होता. गाण्यात नसलेला आवाज आला की सांगायचं. सांगितलं, तर लंडनच्या कंपनीला कळवणार आणि तिथे मूळ ध्वनिमुद्रणाच्या फितीचा तेवढा तुकडा कापून टाकणार. लपवलं आणि सापडलं, तर नोकरी जाणार.

"काही नाही," ग्लेनिस म्हणाली.

"काही नाही म्हणे. आण इकडे." पर्क्सबाईंनी हेडफोन ओढून घेतले. ऐकता ऐकता त्यांच्या भुवया वर चढल्या. "हा कोण खोकतोय मेला? लोक काय खोकला विकत घेणार?" त्यांचा हात यंत्र थांबवायच्या भिंतीवरच्या घंटेकडे गेला.

"थांबा, बाई. तो आमचा लेन आहे."

पर्क्सबाईंचा हात तसाच राहिला. त्यांनी जीभ चावली. "तुझा लेन? अगं, पण तो तर गेला ना…"

"त्याचं वाजवलेलं काहीच ठेवलं नाही म्हणाला होता तो त्यांचा गायक क्लाइव्ह. धडधडीत खोटं बोलला, माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझा चहा पिऊन." ग्लेनिसने तबकडीकडे बोट दाखवलं. "सबंध बाजू ऐकली मी. हात त्याचेच आहेत. आणि मी मूर्ख, वर्षभर त्यालाच कच्चा समजत बसले."

पर्क्सबाईंनी वेष्टन उलटं करून पाहिलं. मागे चार नावं होती. ड्रमपुढे नव्या पोराचं. लेनचं नाव कुठेच नव्हतं.

"हलकट," त्या म्हणाल्या.

"कळवलं तर कापतील ना?"

"कापतील." त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसल्या. "साच्यात खोट असली तर यंत्र थांबवायचं. माणूस खोकला, ती काही खोट नव्हे. लाव पुन्हा."

एका हेडफोनला दोघींनी एकेक कान लावला. ग्लेनिसने सुई ठेवली.

पलीकडे यंत्र धपधप चालूच होतं. एकेक तबकडी बाहेर पडत होती, आणि प्रत्येकीत लेन सुरुवात करण्याआधी एकदा खोकून घेत होता.