दुपारचा दाणा

मे महिना अर्ध्यावर आला होता आणि सोनगीरच्या माळावरची सविताची पोल्ट्री भट्टीसारखी तापत होती. दोन हजार ब्रॉयलर, पाच आठवड्यांचे, अंगाने भरलेले. दुपार झाली की चोची उघड्या टाकून, पंख पसरून धापा टाकायचे. चार दिवसांत पंचवीस मेले.

सविता रोज सकाळी गार पाण्यात क जीवनसत्त्वाची आणि क्षारांची पावडर कालवायची. दहाला दाण्याची टांगती भांडी दोरीने वर ओढायची, ती संध्याकाळी पाचलाच खाली. भर उन्हात दाणा पचवताना पक्ष्याचं अंग आणखी तापतं, असं धुळ्याच्या राजदीप डॉक्टरने बजावलं होतं.

तिची सासू द्रौपदाबाई हे सगळं ऐकून होती. पण सविता जेवायला घरी गेली की शेडमध्ये ती एकटी उरायची, आणि समोर दोन हजार चोची. जीव उपाशी ठेवणं तिच्या हाताला जमत नव्हतं. ती पाट्या भरभरून दाणा भुशावर फेकायची. सविता येईपर्यंत सगळा साफ.

पाचव्या दिवशी राजदीप डॉक्टर स्वतः आला. त्याने मेलेली एक कोंबडी कापून पाहिली.

"ताई, तीन वाजलेत आणि हिची गळ्याची पिशवी दाण्याने टच्च भरली आहे. तुम्ही दहाला भांडी वर घेता म्हणता ना?"

"घेतेच."

"मग हिने काय धुळ्याला जाऊन जेवण केलं?"

सविताचा चेहरा उतरला. पाच दिवस ती डोक्यावर हंडे वाहत होती, छपरावरची गोणपाटं भिजवत होती, आणि आता खोटी ठरत होती. द्रौपदाबाई शेजारीच उभी होती. गप्प राहिली असती तर कुणाला कळणारही नव्हतं. तिने पदराने तोंड पुसलं.

"तिले काही बोलू नको, भाऊ. दाना मी टाकस. दुपारले."

"रोज?" सविताने विचारलं.

"रोज. मनी चूक शे."

सविता पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसली. मग सासूकडे वळली.

"आनि मी चार दिनपासून पावडरले शिव्या देस, अक्का!"

राजदीप हसला. "पावडर चालू ठेवा. दाणा मात्र पाचलाच."

दुसऱ्या दिवशी सविताने दोरी सासूच्याच हातात दिली. दहाला भांडी वर गेली. बाराला वारा पडला, पत्रा तडतडू लागला. द्रौपदाबाई पाण्याची भांडी गार ठेवत या टोकाहून त्या टोकाला फिरत राहिली. पक्षी धापा टाकत होते, पण उठून पाण्यावर येत होते, पीत होते. दर फेरीला ती कोपरे बघायची. एखादा आडवा पडलाय का. तीन वाजले. चार वाजले.

पाचला सविताने सगळी शेड पायाखाली घातली.

"एक बी नही, अक्का!"

द्रौपदाबाई लगबगीने दोरीकडे गेली. तिने दोरी सोडली. भांडी खाली येताच पक्ष्यांनी एकमेकांच्या पाठीवर चढून झुंबड उडवली.

"तुना जावईच उनात जेवाले," सविता पक्ष्यांकडे बघत म्हणाली.

"जावई बी इतला वेळ उपाशी गुपचूप बसत नही," द्रौपदाबाई म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.