गळ्यातला जर्मन बिल्ला

कांताबाईंच्या वडिलांनी इटलीच्या लढाईत एका जर्मन शिपायाला कुस्तीत चीत केलं आणि त्याने खूश होऊन आपल्या गळ्यातला बिल्ला काढून दिला, ही गोष्ट ऐकली नाही असं ओमानमधल्या सोहारच्या त्यांच्या इमारतीत एकही बिऱ्हाड नव्हतं. पत्र्याचा, लांबटगोल, मधोमध भोकांची रेघ असलेला बिल्ला. नातीला दृष्ट लागू नये म्हणून बाईंनी तो काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधला होता.

त्या शुक्रवारी बाईंच्या मुलाने, प्रितमने, आपल्या कारखान्यातल्या डिर्क नावाच्या जर्मन इंजिनिअरला जेवायला आणलं. रश्श्याने त्याच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या.

"रणगाडे बनवणारी माणसं, आणि एवढ्याशा तिखटाला रडतात," बाई म्हणाल्या. सुनेने, माधवीने, एवढं सोडून बाकीचं इंग्रजीत सांगितलं.

मग बाईंनी नातीला त्याच्यापुढे धरलं. डिर्कने बिल्ला पाहिला आणि चमचा खाली ठेवला. तो हळूहळू बोलत गेला, माधवी सांगत गेली.

"आई, त्यांच्या सैन्यात प्रत्येकाच्या गळ्यात हा असायचा. दोन्ही अर्ध्यांवर एकच नंबर. शिपाई मेला की मधोमध मोडून अर्धा कचेरीत पाठवायचे, अर्धा त्याच्याबरोबर पुरायचे. जिवंतपणी कुणी काढून देत नसे."

"मग हा अख्खा कसा?"

"म्हणजे मेल्याचं घरी कळलंच नसेल. वाट बघत राहिले असतील."

बाई नातीच्या गळ्यातली गाठ सोडायला लागल्या. बापाने कुस्ती कधी सांगितलीच नव्हती. "ओढ्याकाठी पडलेला होता, काढून घेतला," एवढंच तो एकदा बोलला होता. कुस्ती बाईंनीच लावली होती, शेजारणींपुढे, आणि सांगून सांगून त्यांना स्वतःलाच ती खरी वाटायला लागली होती.

नंबरावरून नाव सापडतं, डिर्क म्हणाला. तो तिकडे कळवेल. फक्त बिल्ला कुठून आला ते लिहावं लागेल.

"मस्कतच्या मत्रा सूकमधून घेतला," प्रितम घाईने इंग्रजीत म्हणाला. "सेकंडहँड."

"सूक म्हणजे बाजार, एवढं मला कळतं रे. इथली भाजी सूकमधूनच आणते मी." बाईंनी बिल्ला ताटाशेजारी ठेवला. "माधवी, सांग त्याला. माझ्या बापाने मेलेल्या माणसाच्या गळ्यातून काढला. मला ठाऊक होतं. तरी पोरीच्या गळ्यात बांधला."

"आई, शेवटचं कशाला?" माधवी म्हणाली.

"तेच आधी सांग."

माधवीने सांगितलं. डिर्क लिहीत होता. त्याचं ताट रिकामं पडलं होतं, पण आणखी वाढू का, हे विचारायला बाईंचं तोंड उघडेना.