वाफ की धूर

जैनबबीचा दमा वाढला आणि तिला बिडीचा धूर सोसेनासा झाला, तेव्हापासून तिच्या नवऱ्याचा, जहांगीरचा मुक्काम ओसरीवर हलला. हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात तो पोती शिवायचा. बिडी सोडायचा यत्न त्याने केला होता, पण दुपार कलली की तलफ यायची आणि सुतळीचा टाका वाकडा जायचा.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात त्यांची लेक खुशनुमा हिचा नवरा दुबईहून आला. त्याने सासऱ्याच्या हातावर पेनाएवढी एक नळी ठेवली. ओढली की टोकाला लाल दिवा लागायचा. काडी नाही, राख नाही.

"हा धूर न्हाई अब्बा, वाफ आहे," जावई म्हणाला.

जहांगीर विचारात पडला. जैनबला सर्दी झाली की डॉक्टर काय सांगतात? वाफ घ्या. चादर पांघरून पातेल्यापुढे बसा. मग ही नळी तर औषधच झाली की. जावई परत गेल्यावर त्याने ही गोष्ट बायकोच्या कानावर घातली.

"मी ओढून राहीन, तू बाजूला बसून फुकटात वाफ घे."

"लई शहाणे तुमी," जैनबबी म्हणाली. पण तिलाही तो आत हवा होता. खोकल्याची उबळ आली की तिची हाक ओसरीपर्यंत पोचत नसे. "डॉक्टरांना विचारू. ते व्हय म्हणले तर आजच तुमची गादी आत टाकते."

डॉक्टर प्रेमदास बंजाऱ्यांच्या तांड्यावर वाढून डॉक्टर झालेले, मोठे चौकस. नळी हातात येताच बाहेर खोळंबलेले पेशंट ते विसरले. त्यांनी ती खोलली, आतला ओला कापूस हुंगला, बारीक चिनी अक्षरं उलटीसुलटी करून पाहिली.

"चाचा, यात तंबाखूचा अर्क आहे बघा. म्हणजे सवय काही सुटायची न्हाई. पण बाकी काय आहे?"

"पाणी असंल. वाफ म्हणतेत ना."

"बघू या." डॉक्टरांनी चष्मा काढला. एक काच अवजारं उकळत ठेवलेल्या भांड्याच्या वाफेवर धरली. दुसरीवर जहांगीरला नळीचे झुरके सोडायला लावले. दोन्ही काचा धुरकटल्या. तिघंही डोकी जोडून बघत बसले. पहिली काच हळूहळू निवळली. दुसरी काही निवळेना. डॉक्टरांनी तिच्यावर बोट फिरवलं तर बोट चिकट झालं.

"हे पाणी न्हाई," ते म्हणाले.

"मग काय आहे?"

"तेच तर मला कळून न्हाई राहिलं. कुणी डॉक्टर लिहितात, बिडीपेक्षा बरी. कुणी लिहितात, नवी बला. छातीत वर्षानुवर्षं गेल्यावर काय होतं, ते कुणीच पाहिलेलं न्हाई. वस्तूच नवी आहे."

जहांगीरचा चेहरा उजळला. "म्हणजे वाईट आहे असंबी म्हणता येत न्हाई."

"न्हाई येत. पण बिडी सुटावी म्हणून तुमी ओढली, तर ती तुमची छाती. चाचीची छाती आधीच आवळलेली. तिच्या उशाशी बसून ओढायची, तर तिच्यावर प्रयोग करून पाहायची तयारी पाहिजे. आहे?"

जहांगीरने नळी खिशात घातली. जैनबबीने त्याच्याकडे न बघता विचारलं, "नळी नसली तर बसतील का हे आत?"

"ते त्यांनाच विचारा चाची. त्याला डॉक्टर कशाला?"

घरी आल्यावर जहांगीरने नळी ओसरीच्या कोनाड्यात ठेवली आणि तो आत जाऊन बसला. थोड्याच वेळात बोटं चुळबुळायला लागली. जैनबबीने तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप त्याच्यापुढे सरकवलं.

"सोला. दाणे खाऊ नका."

त्याने खाल्लेच. मधेच उठून तो ओसरीवर गेला, तशी ती दाराकडे बघत राहिली. तो परतला तेव्हा काखेत गादीची वळकटी होती.

"नळी?"

"बाहेरच आहे. सकाळी तिच्याकडं जाऊन येईन," जहांगीर म्हणाला आणि तिच्या खाटेशेजारी गादी पसरू लागला.