पोपटाचं दूध बंद

सासरे रोज सकाळी दुधात पाव बुडवून पोपटाला भरवायचे. पुढे तो मलूल झाला, पिसं फुगवून बसू लागला, त्याची विष्ठा पाण्यासारखी पातळ झाली. "अशक्त झालाय बिचारा," म्हणत त्यांनी दूध आणखी वाढवलं.

सुनेला राहवेना. शिवणकाम तसंच टाकून ती पिंजरा घेऊन पक्ष्यांच्या डॉक्टरकडे निघाली. सासरेही तणतणत मागोमाग गेले.

"दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही," औषध देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कडक चीजचा एखादा कण कधीतरी चालेल, पण दूध बंद."

"म्हणजे मीच त्याला आजारी पाडलं?" सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"तुम्ही जीव लावलात, बाबा," सून म्हणाली. "आता त्याला सोसेल ते भरवा."

सासऱ्यांनी मग कंबर कसली. वेळेवर औषध द्यायचं, गाजर किसायचं, पाणी बदलायचं, कुणाला हात लावू द्यायचा नाही. हळूहळू पोपट पुन्हा दांडीवर चढला, आणि एका दुपारी त्याने घर दणाणून सोडणारी शीळ घातली.

सासरे किसणी हातात घेऊनच धावत आले. "सूनबाई, जिंकलो आपण!"

सून हसत टाळ्या पिटू लागली, तसा पोपट आणखीच चेकाळला.