गळलेली ओळ

"एक ओळ गाळलीत तुम्ही," मी म्हणाले. म्हणाले कसली, घशातून नुसती घरघर निघाली.

ह्यांनी दचकून डोळे उघडले. आमचे हे गेली तीस वर्षं छापखान्याची मुद्रितं तपासतात. जेवण गार झालं तरी चालेल, पण ओळ गळली म्हटलं की हे ताटावरून उठतात.

"कुठली ओळ? मी तर प्रार्थना करत होतो."

"प्रार्थनेतलीच."

सकाळचे आठ वाजले होते. ऑपरेशनचा ढगळ झगा चढवून मी खाटेवर बसले होते. स्वरयंत्रावर गाठ होती. डॉक्टरांनी आदल्या दिवशी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की स्वरयंत्र वाचवायचा प्रयत्न करू, पण गाठ आत पसरली असेल तर तेही काढावं लागेल. मग जीव वाचेल, आवाज जाईल.

आवाज म्हणजे आमच्या घरातलं अर्धं काम. मूळ प्रत मी मोठ्यानं वाचायची आणि समोर बसून हे मुद्रितावर पेन्सिल चालवायचे. विरामचिन्हंसुद्धा मी तोंडानं सांगायची. ती सवय अशी अंगात भिनली, की एकदा भांडणाच्या भरात मी म्हणाले, "दूध आणायला सांगितलं होतं स्वल्पविराम आणलंत का प्रश्नचिन्ह!" हे इतके हसले, की भांडण तिथंच बारगळलं.

तर त्या सकाळी ह्यांनी हात जोडून म्हटलं होतं, "प्रभू, तुझ्या मर्जीप्रमाणे होऊ दे. आमेन." बस्स. छापील, नीटनेटकं, कुठं खाडाखोड नाही. मला रागच आला.

"क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत प्रभूनं आधी काय मागितलं?" मी विचारलं. "हे माझ्यावरून टळू दे, असंच ना? तेही पुन्हा पुन्हा. घामानं निथळत. मर्जीची ओळ त्याच्यानंतर येते. तुम्ही एकदम शेवटालाच जाऊन पोचलात."

"अगं, देवाकडे हट्ट कसा करायचा? बरं दिसतं का ते?"

"त्यानं स्वतः केला की! माणूस झाला म्हणजे पुरता झाला. त्याला भीती वाटली, आणि तुम्हाला वाटत नाही?"

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खाटेची कड धरून, दुखऱ्या गुडघ्याला सांभाळत खाली बसू लागले. शेजारच्या खाटेवरच्या आजी उठून बघायला लागल्या. माझा नवरा चारचौघांत मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही. तो त्या थंड फरशीवर गुडघे टेकून म्हणाला, "नको रे, देवा. नको. तिला नेऊ नकोस. आवाजही नेऊ नकोस, तो मला हवाय. मला भीती वाटते. तुलाही वाटली होती ना? मग तुला कळतंय. ऐक ना माझं." पुढचं रडण्यात गेलं. बऱ्याच वेळानं, अगदी हळू, मर्जीची ओळ आली.

मला न्यायला आलेल्या सिस्टर दाराशीच थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सावकाश होऊ दे काका. डॉक्टर अजून हात धुतायत."

मला आत नेलं तेव्हा भीती होतीच. पण ती आता दोघांत वाटली गेली होती. दोघांत कशाला, तिघांत.

दुसऱ्या दिवशी जाग आली ती गळ्यातल्या नळीसह. हे उशाशी बसले होते. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. मी ओठ हलवले, काहीच उमटलं नाही. ह्यांनी माझा हात हातात घेतला. "स्वरयंत्र काढावं लागलं गं," म्हणाले. "गाठ मात्र सगळी निघाली. डॉक्टर म्हणाले, सगळी."

मी रडले. बिनआवाजाचं रडणं फार विचित्र असतं. अर्धं मागणं मिळालं होतं, अर्धं नाही. प्रभूला तर त्या बागेत तेवढंही मिळालं नव्हतं, हे आठवलं आणि मला त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की मनातल्या मनात मी त्याचे आभारच मानत राहिले. ह्या माणसासाठी. ह्या वाकड्यातिकड्या बटणांसाठी.

खूण करून मी कागद मागितला. बोटांत त्राण नव्हतं, डोळ्यांवर औषधाची गुंगी होती. कशीबशी अक्षरं जुळवून लिहिलं: मी जीवंत आहे.

ह्यांनी वाचलं. त्यांचा हात आपसूक खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. मग तसाच खाली आला.

मी भुवया उंचावून विचारलं, काय चुकलं?

"वेलांटी," हे म्हणाले. "ऱ्हस्व हवी. पण राहू दे. दीर्घच असू दे."